कडं न दिसण्याचं वर्ष

आप्पा, आधी माझी एक तक्रार नोंदवून घ्या. तुम्ही मला शनीचे चंद्र अठरा म्हणून शिकवलेत. नुसते शिकवले नाहीत, तर स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करून सगळे नावानिशी पाठ करून घेतलेत, आणि त्यातला एक विसरलो म्हणून त्या दिवशी माझ्या भाकरीवर लोणी पडलं नाही. ते अठरा चंद्र मी इतकी वर्षं जपून ठेवले होते. मागच्या महिन्यात तुमच्या नातीसमोर मोठ्या ऐटीत काढले, तर ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, आता ते पावणेतीनशेच्या आसपास झालेत. तुमचे अठरा कोणत्या जमान्यातले?" उरलेले अडीचशेच्या वर चंद्र तुम्ही माझ्यापासून लपवलेत असा माझा आरोप नाही. ते तेव्हा कुणालाच सापडलेले नव्हते, हे तिनंच तुमच्या वतीनं सांगितलं. पण जे ज्ञान इतकं अपुरं होतं, त्याच्यासाठी एका वाढत्या पोराचं लोणी बंद करणं कोणत्या शास्त्रात बसतं, याचा खुलासा व्हावा, अशी माझी नम्र दरखास्त आहे.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. म्हणजे खुलासा येणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याच धैर्यावर मी हे लिहितोय. समोर असतात तर मी चंद्रांच्या पुढे गेलो नसतो. तुमच्याशी बोलताना माझं नेहमी असंच व्हायचं. मुद्दा एक असायचा आणि तोंडातून दुसराच निघायचा. आता पन्नाशीला आलोय. परभणीत राहतो, शाळेत संस्कृत शिकवतो. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा, एवढं सांगून वर्गात शनीचा निकाल लावतो, आणि मुलं शिक्षण खात्याच्या सावकाश हलणाऱ्या फायली आठवून हसतात. पण संस्कृतात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही ओळ समोर आली की ती मूळची आहे का कुणी मागाहून घुसडली, हे आधी बघायचं. माणूस काय म्हणाला यापेक्षा तो तसं का म्हणाला असेल, यातच जास्त रस. ही नजर मी तीस वर्षं तुमच्यावर रोखून ठेवली होती. तुम्ही एकदा चारचौघांत खोटं बोललात असा माझा संशय होता. आज त्या संशयाबद्दलच लिहायचंय.

आपल्या गावातली, बोरीतली ती संध्याकाळ तुम्हालाही आठवत असेल, जर तिकडे आठवणी न्यायला परवानगी असेल तर. दिवाळी होऊन गेली होती, मी सुट्टीवर घरी आलेलो, एकोणीस वर्षांचा, नुकतंच व्याकरण शिकल्यानं सगळ्या जगाच्या चुका काढायच्या तयारीत. तुमच्या शाळेत एक दुर्बीण आली होती. ती खोक्यातच राहावी असं मुख्याध्यापकांचं मत होतं, कारण बाहेर काढली तर फुटली असती. तुम्ही ती रीतसर मागून घेतलीत आणि शनिवारी दिवेलागणीला मारुतीच्या पारावर उभी केलीत. शनिवार मुद्दाम निवडलात. तेल घालायला निम्मा गाव तिथे येतोच, त्यांना मारुतीबरोबर शनीही दाखवू, असा तुमचा हिशोब. पण एक गोष्ट तुमच्यासारख्या विज्ञानाच्या मास्तरच्या ध्यानात आली नाही. आपल्याकडे शनीच्या समोर कुणी सरळ उभं राहत नाही. त्याची नजर पडू नये म्हणून देवळातसुद्धा लोक बाजूनं हात जोडतात. तुम्ही त्यांना नेमकं त्याच्या डोळ्याला डोळा लावायला सांगत होतात.

आधी सगळे लांबच उभे. मग आपल्या शेजारची मावशी, हातात तेलाची वाटी, पुढे होऊन म्हणाली, "मास्तर, सरळ बगायचं नसतंय वो त्येच्याकडं. बाजूनं बगावं." तुम्ही समजावलंत की तो लय लांब आहे, त्याला आपण दिसत नाही. कुणाला पटलं नाही. शेवटी लोक आले, पण तिरके आले. मान वाकडी करून, एका डोळ्यानं, नळीच्या कडेकडेनं बघून, झटकन बाजूला. असं बघितल्यावर दुर्बिणीतून नळीची आतली भिंत दिसते, दुसरं काही दिसत नाही. तरी प्रत्येकजण "दिसलं, दिसलं" म्हणून हात जोडत होता. तुम्ही मात्र भलतेच खुशीत. सांगायलात की हा सूर्यापासून सहावा ग्रह, आकारानं दुसऱ्या नंबरचा, नुसत्या वायूचा गोळा, उभं राहायला जमीनच नाही; इतका हलका की पाण्यात टाकला तर तरंगेल. यावर कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आयुष्यभर तराजूच्या काट्याशिवाय कशावर विश्वास न ठेवलेला माणूस, म्हणाले, "मग येलदरीच्या धरणात सोडून बगा की एकदा." तुम्ही म्हणालात, "येलदरी पुरायची न्हाई, शेट. समुद्र बी पुरायचा न्हाई. त्येच्या पोटात आपल्यासारख्या सातशेच्या वर पृथ्व्या मावतील." त्यावर ते म्हणाले, "म्हंजे तरंगतो का न्हाई, हे कुनीच बगितलेलं न्हाई." मला ते आजही बिनतोड वाटतं.

मुद्द्यावर येतो. लोकांना दाखवायच्या आधी तुम्ही स्वतः बघितलं होतंत. बराच वेळ बघितलंत आणि वळून सगळ्यांना सांगितलंत, "आहे. कडं आहे. भोवती पूर्ण गोल, मधे मोकळी जागा." हे शब्द मी पदरचे घालत नाही. पाठांतर हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तुमच्यानंतर तिरके लोक झाले, आणि मग मी, सुशिक्षित, सरळ डोळा लावून बघितलं. भिजवलेल्या साबुदाण्याचा एक पिवळट दाणा दिसला. भोवती काही नाही. डोळा बदलला, पुन्हा दाणा. मी म्हणालो, "आप्पा, कडं न्हाईए." तुम्ही म्हणालात, "नीट बघ." मी म्हणालो, "नीटच बघतोय." तुम्ही परत, जरा कडक आवाजात, "नीट बघ म्हणतो ना." दुकानदार हसून म्हणाले की पोराला संस्कृत शिकवलंत मास्तर, आता त्याला ग्रह दिसायचा बंद झाला. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तेव्हा चोरी पकडली गेल्याचा ओशाळेपणा म्हणालो. आणि तेवढ्यात मावशीनं काय केलं, तर आत देव बसलाय आणि अजून कुणी त्याला तेल दिलं नाही, हे तिला बघवेना. ती दुर्बिणीच्या पुढच्या बाजूला गेली आणि वाटीतलं तिळाचं तेल बोटानं भिंगाला लावलं, चांगलं दोन बोटं, मनापासून.

त्यानंतर मात्र सगळ्यांना दिसलं. तेलकट भिंगातून शनीभोवती असा काही पिवळा फुगवटा पसरला की तिरकं बघणाऱ्यालाही तो चुकवता येईना. "त्येला त्येचं मिळाल्यावर दिसला बगा," मावशी म्हणाली. म्हणजे विज्ञानातही मी हरलो आणि धर्मातही. तुम्ही शाळेचं भिंग पुसायला धोतराचं टोक शोधत होतात. मी मनात एकच गोष्ट पक्की करून ठेवली. तेल नंतर लागलं. तुम्ही आधी बघितलं होतंत. म्हणजे तुमच्या कड्याला तेलाचीही सबब नव्हती.

घरी आलो. आईनं ताटं वाढली, भरीत आणि भाकरी. मी तुमच्या समोर बसून, आई ऐकत असताना, म्हणालो की तुम्ही लोकांना खोटं सांगितलंत. आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. तुम्ही रागावला नाहीत. तुमच्या रागावण्याचीच मी वाट बघत होतो, उत्तरं तयार होती. तुम्ही फक्त म्हणालात, "मला जे दिसलं ते मी सांगितलं." आणि पाण्याच्या तांब्याकडे हात नेलात. तांब्या डाव्या बाजूला होता, ताटाला लागून. तुमचा हात त्याच्या अलीकडे पडला, मग पलीकडे, मग आईनं गुपचूप तो तुमच्या हाताखाली सरकवला. हे सगळं मी बघितलं. बघितलं आणि त्याचा अर्थही लावला: बाप नजर चुकवतोय, म्हणून हात चाचपडतोय. व्याकरणात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलाचा अर्थ.

पुढच्या वर्षी एका विज्ञानाच्या मासिकात वाचलं की त्या साली शनीचं कडं आपल्याकडे बरोबर कडेनं वळलेलं होतं, त्यामुळे साध्या दुर्बिणीतून ते कुणालाच दिसत नव्हतं. मला पुरावाच मिळाला. तुम्हाला दाखवला नाही. दाखवायला हवा होता, निदान भांडण तरी झालं असतं. त्याऐवजी मी त्याचा किस्सा केला. न दिसणारं कडं दाखवणारे आमचे आप्पा. शिक्षकांच्या खोलीत, लग्नांच्या पंगतीत, नात्यातली मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांत, कुठे कुठे सांगितला असेल. तेलाचा भाग आला की लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. त्या हसण्यात मी तुमचं खोटं बेमालूम मिसळून द्यायचो.

एकदा संशय धरला की माणसाला सगळीकडे साक्षीदार भेटतात. तुम्ही वर्गात स्वतः धडा वाचायचं सोडून मुलांकडून वाचून घ्यायला लागलात. मी म्हणालो, आप्पा आळशी झाले. फळ्यावरच्या आकृत्या मुलंच काढायची. मी म्हणालो, निवृत्ती जवळ आली. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही जाडजूड संस्कृत शब्दकोश दिलात आणि पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्यात. त्या ओळी उजवीकडे उतरत उतरत पानाच्या खाली निघून गेल्यात, शेवटचा शब्द तर पुठ्ठ्यावरच पडलाय. मी म्हणालो, घाईघाईत लिहिलंय, मनातून नव्हतं. मामाच्या गावाहून पिंगळीच्या स्टेशनावर मला सोडायला आला होतात, आठवतं? गाडी हलली, मी खिडकीतून हात काढला, आणि तुम्ही दोन डबे पलीकडच्या एका अनोळखी बाईला कितीतरी वेळ हात हलवत राहिलात. मी नांदेडपर्यंत त्यावर विचार केला आणि ठरवलं की तुम्ही अजून रुसलेले आहात.

मग काही वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा आतून नजर खाऊन गेलेला, गेलेली परत यायची नाही. डॉक्टर म्हणाले की हा बऱ्याच वर्षांपासून असणार, यांना कळलं कसं नाही. तुम्ही म्हणालात, "कळत होतं. पण डोळे गेलेल्या माणसाला शाळा फळ्यासमोर उभं करीत न्हाई." शेवटची दोन वर्षं तुम्ही ओसरीवर बसून माणसं पावलांवरून ओळखायचात. मी आलो की म्हणायचात, "पंडित आले." तेव्हा तरी मी दोन आणि दोन चार करायला हवे होते. केले नाहीत. तुमचा आजार एका बाजूला ठेवला आणि ते कडं दुसऱ्या बाजूला. किस्सा चांगला जमलेला होता ना, तो मोडायला जिवावर येत होतं.

आता तुमच्या नातीबद्दल. ती भौतिकशास्त्र शिकते, तुमच्यावर गेली. माझ्या बाजूनं फक्त जिभेची धार घेतली. या दिवाळीनंतर तिनं मैत्रिणीची दुर्बीण आणून गच्चीवर मांडली. संध्याकाळचे सात, शनी दक्षिणेला चांगला वर आलेला. ती मला शिकवायली, आणि मी मुद्दाम मंद विद्यार्थी झालो. तिच्या मते माझा सावकाश चालणारा हा ग्रह स्वतःभोवती मात्र साडेदहा तासांतच गिरकी घेतो. सावकाशी फक्त सूर्याच्या प्रदक्षिणेत, तिला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मी म्हणालो, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांसारखा, जागच्या जागी फार वेगात. तिनं टायटन सांगितला, बुधापेक्षा मोठा चंद्र, स्वतःचं दाट वातावरण असलेला, जिथे पाऊस पडतो आणि तळी साचतात पण पाण्याची नव्हे, मिथेनची. दुसरा एक छोटा, पांढराशुभ्र, बर्फाच्या कवचाखाली समुद्र दडवून बसलेला, भेगांतून पाण्याचे फवारे उडवणारा. कडं म्हणजे बर्फाचे तुकडे, कणापासून घराएवढे. पसारा लाखो किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, आपल्या समोरच्या पाण्याच्या टाकीएवढी. म्हणूनच दर पंधरा वर्षांनी ते कडेनं वळलं की जवळपास नाहीसं होतं. "यंदा तेच वर्ष आहे," ती म्हणाली, "आशा ठेवू नका. फार तर एक बारीक रेघ दिसेल."

मला संधी मिळाली. मी तिला किस्सा सांगितला, तेलासकट. ती हसली, मावशीवर तर फारच. मग थांबली आणि म्हणाली, "पण आजोबा पूर्ण गोल म्हणाले होते?" मी म्हणालो, शब्दशः. ती म्हणाली, "पृथ्वीवरून शनीचं कडं पूर्ण गोल कधीच दिसत नाही, पप्पा. कितीही उघडलं तरी लांबटच दिसतं. पुस्तकातली सगळी चित्रंसुद्धा लांबट असतात. त्यांना खोटंच सांगायचं असतं तर पुस्तकातलं सांगितलं असतं. ते विज्ञानाचे मास्तर होते."

आप्पा, आयुष्यभर पाठभेद तपासणाऱ्या माणसाला तीस वर्षांत हे सुचलं नव्हतं. मला पुढचं ती बोलायच्या आत कळलं. काचबिंदूत डोळ्यांतला दाब वाढला की उजेडाभोवती गोल वलयं दिसू शकतात, हे तुमच्याच डॉक्टरनं तेव्हा मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. तुम्हाला जे दिसलं तेच तुम्ही सांगितलं होतंत. त्या संध्याकाळी पारावर सरळ बघून खरं बोलणारे आपण दोघंच होतो, आणि मी त्यातल्या एकाला खोटारडा ठरवलं. याची माफी मागण्यासाठी पत्र लिहायला घेतलं असं मी स्वतःला सांगत होतो. या ओळीपर्यंत तेही खरं होतं.

ती म्हणाली, "बघा आता," आणि बाजूला झाली. मी डोळा लावला. पलीकडून ती विचारायली, दिसली का रेघ, आणि उजवीकडे ठिपका दिसतोय तो टायटन. मी म्हणालो, "दिसली. बारीक आहे." ठिपक्याबद्दलही हो म्हणालो. मग ती दुर्बिणीच्या भिंगावरचा आकडा वाचून सांगा म्हणाली, मी म्हणालो अंधारात कुठे दिसतोय. तिच्या मोबाईलची बॅटरी तेव्हा चालू होती. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिला संशय आलाय, असा मला संशय आहे. ही खोड आपल्या घरात उतरते.

मला रेघ दिसली नाही, आप्पा. टायटनही नाही. मला कडं दिसलं. भोवती पूर्ण गोल, मधे मोकळी जागा, कडेला थोडा रंगही. डोळा काढून खाली रस्त्यावरच्या दिव्याकडे बघितलं तर त्यालाही होतं. ते चार-पाच महिन्यांपासून सगळ्याच दिव्यांना आहे, आणि मी चष्म्याच्या काचा पुसत बसलोय. ही तुमच्या नातीला, तिच्या आईला, कुणालाच सांगितलेली गोष्ट नाही. डॉक्टरकडे जायचं मी टाळतोय. लवकर गेलं तर नजर वाचते, हेही मला माहीत आहे, आणि अंधाराची भीती मला वाटायला हवी त्याहून थोडी कमीच वाटते. मी जात नाही कारण डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, वडिलांना काचबिंदू होता का. मी हो म्हणेन. मग ते विचारतील, मुलं किती, मी म्हणेन, एक मुलगी, आणि ते म्हणतील, तिलाही घेऊन या.